लकी स्टारची भाकितं: निळ्या रेषांवर भुलू नका

नेपच्यूनपलीकडचा कुठला गोळा कुठल्या ताऱ्याला कधी झाकणार, हे फुकटात आणि चूक किती होऊ शकते याच्या अंदाजासकट सांगणारी लकी स्टारइतकी चांगली सेवा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. पाचपैकी साडेचार तारे. ब्रुनो सिकार्डी यांच्या पुढाकाराने पॅरिस, ग्रनाडा आणि रिओचे गट मिळून हे काम करतात.

एखाद्या पिधानाचं, म्हणजे गोळ्याने तारा झाकण्याच्या घटनेचं, पान उघडलं की पृथ्वीचा गोल दिसतो. गडद करडा भाग म्हणजे पूर्ण रात्र, फिका म्हणजे संधिप्रकाश, पांढरा म्हणजे दिवस. त्यावरून दोन निळ्या रेषा जातात, त्या गोळ्याच्या सावलीच्या कडा; मधला भाग म्हणजे पट्टा. नवखा माणूस आपलं गाव या दोन रेषांमध्ये आलं की हुरळतो आणि नाही आलं की पान मिटतो. बघायच्या असतात त्या लाल तुटक रेषा. सावली किती सरकू शकते, ते त्या सांगतात. 40 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) एक मिलीआर्कसेकंदाची, म्हणजे अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागाची, चूक म्हणजे जमिनीवर सुमारे 29 किलोमीटर. दहाची चूक झाली तर 200 किलोमीटरच्या गोळ्याची अख्खी सावली पट्ट्याबाहेर! ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानामुळे त्यांच्या जागा आता चोख मिळतात. घोळ उरतो तो गोळ्याच्या कक्षेत. सूर्याभोवती फिरायला अडीचशे-तीनशे वर्षं घेणाऱ्याच्या वाटेचा आपण जेमतेम एक तुकडा पाहिलेला असतो. म्हणूनच एक पिधान नीट टिपलं गेलं की त्याच गोळ्याचं पुढचं भाकीत घट्ट होतं.

पट्ट्याबाहेरच्यांनीही कॅमेरा लावावा, हे माझं ठाम मत. नेपच्यूनपलीकडच्या क्वावार या गोळ्याची कडी बघा, 2023 मध्ये जाहीर झालेली: केंद्रापासून सुमारे 4,100 किलोमीटरवर, आणि गोळ्याची त्रिज्या मात्र साडेपाचशेच्या आसपास. अशी कडी निळ्या रेषांच्या पार बाहेर बसलेल्यालाही सापडते. आतल्यांनीही ताऱ्याचा प्रकाश परत आला की लगेच आवरायला घेऊ नये. सावली सेकंदाला 22 किलोमीटरने जात असेल, तर तेवढ्या लांबची कडी यायला मधल्या क्षणापासून तीन मिनिटं लागतात. आणि काहीच दिसलं नाही, तर तेही कळवा. 2017 च्या जूनमध्ये नेपच्यूनपलीकडच्याच आरोकोथ या छोट्या गोळ्यासाठी अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी मांडल्या, हाती काही लागलं नाही. 17 जुलैला पॅटागोनियात पाच दुर्बिणींनी त्याला पकडलं आणि जीवा (प्रत्येक दुर्बिणीने टिपलेला, सावलीला छेदणारा एकेक आडवा काप) जुळवल्यावर दोन जोडलेले गोळे दिसू लागले. न्यू होरायझन्स यान 1 जानेवारी 2019 ला त्याच्या जवळून गेलं, तेव्हा आकार तसाच निघाला.

लकी स्टारच्या तक्त्यातला माझा सर्वांत लाडका रकाना म्हणजे तारांकित (*) प्रत. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका. ताऱ्याची खरी प्रत शेजारी असतेच. ही मात्र सावलीचा वेग सेकंदाला 20 किलोमीटर धरून बदललेली. सावली निम्म्या वेगाने रांगत असेल तर दुप्पट एक्स्पोजर देऊनही गोळ्यावरचा तपशील तेवढाच मिळतो, म्हणजे तारा पाऊण प्रतीने तेजस्वी असल्यासारखा. कुणाच्या डोक्यातून हे निघालं ठाऊक नाही, पण त्याने रात्री दुर्बिणीपाशी काढलेल्या असणार. माझ्या आठ इंची दुर्बिणीला 14 प्रतीच्या पुढचे तारे झेपत नाहीत, त्यामुळे यादी चाळताना आधी हाच रकाना बघते.

अर्धा तारा कापला तो मांडणीसाठी. संक्षेप धडाधड अंगावर येतात. सर्वांत जवळ येण्याचं अंतर आणि वेळ भूकेंद्राच्या हिशेबाने दिलेली असतात, तुमच्या गच्चीच्या नव्हे. हे कळेपर्यंत माणूस भलत्याच वेळेला कॅमेरा सुरू करू शकतो. म्हणून स्वतःच्या जागेचा हिशेब मी ह्रिस्तो पावलोव्ह यांच्या ऑकल्ट वॉचर या सॉफ्टवेअरमध्ये बघते. तिथे आपलं ठाणं जाहीर करता येतं, मग दोघं एकाच जीवेवर बसत नाहीत.

वेळ जीपीएसवरूनच घ्या. त्याच 22 किलोमीटरच्या वेगाला अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे जीवा 11 किलोमीटर सरकली. लॅपटॉपच्या घड्याळावर मी तरी विसंबणार नाही. आणि महिन्यापूर्वी उतरवलेला नकाशा घेऊन बसू नका. नवी निरीक्षणं आली की भाकीत बदलतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात पान पुन्हा उघडा आणि लाल रेषा आत सरकल्यात का, ते आधी बघा.