काचेच्या मण्यांचा वर्ग: शिकवणी छान, चष्मे भंगार

सिअ‍ॅटलमध्ये आमच्या भागातल्या कला-केंद्रात हा वर्ग केला. शिकवणाऱ्या बाई निवांत, सांगायला कंटाळत नाहीत. स्टीलच्या सळईला आधी मातीचा लेप, नाहीतर मणी सुटत नाही. लेप सुकला की बर्नरच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवून सळईवर गुंडाळायची. हात फिरता हवा. थांबलात की काच ओघळलीच! डिडिमियमच्या (ज्योतीकामाच्या खास रंगीत काचेच्या) चष्म्यातून तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट गायब होतो नि आतला मणी नीट दिसतो. केंद्राचे चष्मे मात्र चरे पडलेले, त्यामुळे जमलं तर स्वतःचा न्या. मणी ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीतून हळूहळू निववतात, म्हणून हातात दुसऱ्या दिवशीच पडतात. फुंकणीनं काच फुगवायचं काम नुसतं दाखवलं. एवढी फी घेऊन एक फुंकर तरी मारू द्यायची! सुती कपडे घाला, ओढणी घरीच ठेवा.