हॉटस्पॉटबरोबर आठ महिने: आमचं टेबल का अडखळत होतं

आमचं गोदामाच्या साठ्याचं डेस्कटॉप ॲप क्यूटी या फ्रेमवर्कवर, म्हणजे ॲप बनवायच्या तयार साधनसंचावर लिहिलेलं आहे. (खरा उच्चार 'क्यूट', पण टीममध्ये कुणी तसं म्हटलं की बाकीचे हसतात.) मुख्य स्क्रीनवर चाळीस हजार ओळींचं टेबल, दर सेकंदाला त्यातल्या थोड्या ओळी बदलणार. स्क्रोल करायला जावं तर नुसते आचके. डेटाबेसच मंद आहे अशी माझी खात्री होती आणि त्या खात्रीपायी तीन दिवस क्वेऱ्या घासण्यात घालवले. फरक शून्य.

मग हॉटस्पॉट घेतलं. प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो हे नोंदवणाऱ्या लिनक्सच्या 'परफ'चा डेटा चित्रात दाखवणारं हे केडॅब कंपनीचं ओपन सोर्स टूल. पहिल्याच फ्लेम ग्राफमध्ये (पट्टी जितकी रुंद, तितका त्या फंक्शनचा वेळ जास्त) माझ्या क्वेरीची पट्टी शोधावी लागली, इतकी बारीक! निम्म्याहून जास्त रुंदी कॉलमची मापं काढण्यात गेली होती. मजकुराप्रमाणे कॉलम आपोआप रुंद व्हावेत म्हणून हेडरला 'रिसाइझ टू कंटेंट्स' मीच लावून ठेवलं होतं. मूळ सेटिंगमध्ये ते प्रत्येक कॉलमच्या हजारेक ओळी तपासतं. एकदाच झालं असतं तर चाललं असतं, पण मी दर सेकंदाला अख्खं मॉडेल (टेबलाला डेटा पुरवणारा भाग) रीसेट करत होतो, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्याच्या शेजारची पट्टी आणखी लाजिरवाणी. एक सेल रंगवताना डेलिगेट, म्हणजे सेल रंगवणारा भाग, मॉडेलकडे मजकूर, फॉन्ट, रंग, आयकॉन असं सगळं वेगवेगळं मागतो, आणि आमचं 'डेटा' फंक्शन आयकॉन मागितला की दर वेळी फाइलमधून नवा आयकॉन बनवून द्यायचं. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात. त्यात हे कसं बसणार? आयकॉन एकदाच बनवून कॅश केले, कॉलमची रुंदी वापरणाऱ्याच्या हाती दिली, बदललेल्या ओळींपुरताच सिग्नल पाठवला. दुपारपर्यंत स्क्रोल लोण्यासारखं.

सुरुवात मात्र कटकटीची आहे. बिल्ड ऑप्टिमाइझ केलेलं हवं आणि डिबग सिम्बॉल्सही हवेत, नाहीतर फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसतात. कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती साखळी) डिबग माहितीवर चालणाऱ्या ड्वार्फ पद्धतीने घेतला तर 'परफ' सतत घेत असलेल्या दर नमुन्यामागे ८ किलोबाइट स्टॅक साठवला जातो. मी एकदा रेकॉर्डिंग चालू ठेवून चहाला गेलो आणि परत येईपर्यंत डिस्क भरली होती. आता दहा सेकंदांच्या वर रेकॉर्ड करत नाही.

चौथ्या महिन्यात तर टूलने चकवलंच. फाइल उघडायचा डायलॉग चार-पाच सेकंद गोठायचा, आणि फ्लेम ग्राफमध्ये काहीच नाही. बरोबरच होतं, कारण नेहमीचं रेकॉर्डिंग फक्त सीपीयू राबतो तेवढंच पकडतं. आमचा मेन थ्रेड (स्क्रीन हाताळणारा) नेटवर्क ड्राइव्हवर फाइल आहे की नाही हे विचारून उत्तराची वाट बघत झोपला होता. ऑफ-सीपीयू रेकॉर्डिंग (थ्रेड थांबलेला असतानाची नोंद) सुरू केल्यावर ते दिसलं, पण त्याला जास्तीच्या परवानग्या लागतात आणि त्या मिळवायला आमच्या ॲडमिनमागे दोन दिवस फिरलो. तपासणी वेगळ्या थ्रेडवर टाकली, डायलॉग सुटला.

विंडोजवर 'परफ' नाही. तिकडच्या ग्राहकांची तक्रार लिनक्सवर तशीच घडवता आली तरच हे टूल कामाचं. दोन तक्रारी घडवता आल्या, तिसरीचं तिकीट अजून माझ्या नावावर उघडं आहे.