ऑइल कूलर: नऊ महिने वापरला, परवा काढला

पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला तेव्हा पहिल्यांदा शेजारच्या गाडीवर संशय घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी मागे-पुढे लावून पाहिली, डागही बरोबर आला. खाली झोपून टॉर्च मारली तर तेलाचा फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे बसवलेल्या, तेल कूलरकडे वळवणाऱ्या सँडविच प्लेटच्या कडेला तेलाचा थेंब लोंबत होता. नऊ महिन्यांत ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, बदलली होती. या वेळी कूलरचं किट विकणारा म्हणाला, बसवणाऱ्याने मधला बोल्ट जास्त आवळला. बसवणारा म्हणाला, प्लेटची खाचच उथळ आहे, रिंग चेपणारच. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे, आणि मी फडकं घेऊन गाडीखाली. हा अनुभव लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, त्या थेंबाने लिहायला बसवलं.

इंजिनाचं तेल वाऱ्यावर गार करणारा हा कूलर घेतला कसा, ते आधी. खरं तर दोष गेजचा. दोन सीटची, दोन लिटरची, मागच्या चाकांवर चालणारी माझी गाडी कंपनीकडून आली तेव्हा डॅशबोर्डवर फक्त पाण्याचा काटा होता. हा काटा तापमान दाखवण्यापेक्षा मालकाला शांत ठेवायला जास्त असतो. पाणी ८० असो की १०२, तो मधोमध. म्हणून मी ऑइल तापमानाचा गेज लावला, सेन्सर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या टाकीच्या, ड्रेन प्लगमध्ये. रोजच्या रस्त्यावर ९५ ते १००. छान. मग ऐन उन्हात, बाहेर ३४ अंश असताना, एका लांब घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर काढला आणि आकडा १२४ झाला. त्या रात्री झोप लागली नाही. १२४! पाणी तर शंभरालाच उकळतं! दोन आठवड्यांत १९ ओळींचा कूलर, दहा नंबरचे वेणीदार होज, थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट, सगळं घरी. त्या पैशांत मागच्या टायरची जोडी आली असती, हे लक्षात यायला पुढचे नऊ महिने गेले.

सुरुवातीचे तीन महिने मी या किटचा प्रचारकच होतो. तोच घाट, तेवढंच ऊन, आकडा ९९. सरळ २५ अंश कमी. बंपरच्या जाळीआडून कूलरची काळी पट्टी दिसायची, तीही आवडायची. कोणी विचारलं तर सांगायचो, ही पहिली गोष्ट करून घे. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची आता माफी मागायला हवी, कारण तो २५चा आकडा फसवा होता.

झालं असं, की पहिल्या गळतीच्या वेळी गाडी लिफ्टवर असताना मी वर पाहिलं, तर सेन्सर ड्रेन प्लगमध्ये नव्हताच. बसवणाऱ्याने प्लेटला रिकामं भोक होतं म्हणून सोयीने तिथे हलवला होता. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि ते भोक होतं परतीच्या बाजूला, म्हणजे कूलरमधून गार होऊन आलेलं तेल जिथून इंजिनात शिरतं तिथे. आधी मी चेंबरमधलं गरम तेल मोजत होतो, नंतर गार झालेलं. हे म्हणजे एकाचा ताप उन्हात उभं करून मोजायचा, दुसऱ्याचा आंघोळीनंतर.

सेन्सर परत चेंबरमध्ये नेला. तोच घाट, जवळपास तेवढंच ऊन: ११३. खरा फरक ११ अंशांचा. कोणी म्हणेल, बेअरिंगला जाणारं तेल ९९चंच ना, मग महत्त्वाचं तेच. बरोबर आहे. पण पूर्वीसुद्धा चेंबरमधलं १२४चं तेल थेट बेअरिंगवर जात नव्हतं. माझ्या गाडीला कंपनीने फिल्टरच्या मुळाशी पाण्यावर चालणारा छोटा कूलर दिलेला होता. तेल त्यातून जाऊन मगच वर जायचं. नवी प्लेट बसेना म्हणून तो काढून ठेवला होता. तुलना करायचीच तर दोन्ही वेळी एकाच जागी करायला हवी होती, आणि तसा आकडा माझ्याकडे फक्त चेंबरचाच आहे.

इथून माझं मत फिरायला लागलं. मग बसून वाचलं, जे खरेदीआधी करायचं असतं. चांगल्या सिंथेटिक तेलाला चेंबरमध्ये १२४ अंश म्हणजे संकट नाही. बेअरिंगच्या आत तेल तसंही चेंबरपेक्षा बरंच जास्त तापतं, म्हणून तर तेलाचा घसटीखालचा घट्टपणा १५० अंशांवर तपासतात. ३०च्या ग्रेडच्या तेलाला तिथे किमान २.९चा आकडा (मिलिपास्कल-सेकंदांत) गाठावाच लागतो, ५डब्ल्यू-४०ला ३.५चा. गरम तेलाचा खरा खर्च आयुष्यात मोजायचा: साधारण दर १० अंशांना तेल सडण्याचा वेग दुप्पट होतो असं धरतात. पण तो वेग १२४वर दिवसभर बसणाऱ्याला लागू. माझं इंजिन तिथे वर्षात सगळी मिळून तासभर बसत असेल. तेवढ्यासाठी तेल थोडं लवकर बदललं की झालं.

रस्त्यावर तेल तापवायला मुळात वेळच मिळत नाही. तेलाची उष्णता येते इंजिनाच्या फेऱ्यांमधून आणि भारातून. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने जाताना गाडी आपल्या ताकदीचा अगदी छोटा हिस्सा वापरते. जोर लावलाच तर आठ-दहा सेकंदांत एकतर वळण येतं, नाहीतर पुढे ट्रक. सिग्नलवर उभं राहिल्याने तेल तापत नाही, पाणी तापतं, आणि त्यासाठी पंखा आहे. उलट बंपरमागचा हवेवरचा कूलर उभ्या गाडीत निरुपयोगी, कारण त्याला हवाच नाही. शिवाय तो रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच कोमट झालेली हवा.

पोर्शे ९११चं उदाहरण सगळे देतात, मीही द्यायचो. पण १९९८पर्यंतच्या त्या ९११ला पाण्याचा रेडिएटरच नव्हता. इंजिन हवा आणि तेल यांच्यावरच थंड व्हायचं, तेलाला पाण्याचंही काम होतं. त्या गाडीचा पुढचा ऑइल कूलर पाहून माझ्या पाण्यावरच्या गाडीला तसाच लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यातला प्रकार.

आता माझी मुख्य तक्रार, जिच्याबद्दल घरचे आता ऐकून घेत नाहीत: थंडी.

प्लेटच्या थर्मोस्टॅटवर ८२ अंश लिहिलेलं आहे. मी भाबडेपणाने समजलो, की ८२पर्यंत कूलरकडे तेल जाणारच नाही. तसं नसतं. बंद असतानाही तो थोडं तेल मुद्दाम सोडत राहतो, म्हणजे होजमध्ये हवा अडकू नये आणि उघडताना थंड तेलाचा लोट एकदम इंजिनात येऊ नये. हेतू चांगला. पण बाहेर ८ अंश असताना ते ‘थोडं’ सुद्धा पुरतं. एका सकाळी गेजवर ६० असताना थांबून बॉनेट उघडलं, जाळीतून बोटं घालून कूलरला हात लावला. कोमट. म्हणजे उघडायच्या २२ अंश आधीच माझं तेल वाऱ्यावर फिरून येत होतं.

कामावर जायचं अंतर १४ किलोमीटर. पाण्याचा काटा पाचव्या किलोमीटरला मधोमध. पूर्वी पोचेपर्यंत तेल ८४ला यायचं, कारण तो कंपनीचा पाण्यावरचा कूलर सकाळी उलटं काम करायचा: पाणी आधी तापतं, ते तेलाला तापवतं. तो काढल्यावर पोचताना ६१. हमरस्त्यावर शंभरच्या वेगाने अर्धा तास चालवून ७६, त्यापुढे ढिम्म. पुठ्ठा कापून कूलरवर चिकटवला तर कामाच्या वाटेवर ६१चे ६८ झाले. स्पोर्ट्स कारच्या तोंडाला पुठ्ठा लावून मी दोन महिने फिरलो, हे लिहिताना पण लाज वाटते.

आकडे नुसते बघायला वाईट असते तर चाललं असतं. डिसेंबरात तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, सायीसारखा चिकट थर. तेलात साठलेलं पाणी. इंजिनात पेट्रोल जळताना वाफ होतेच, थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते. तेल रोज नव्वद-शंभरच्या आसपास काही वेळ राहिलं तर ती उडून जाते, न जळलेलं पेट्रोलही बरंच निघून जातं. माझं तेल तिथे पोचतच नव्हतं. डिपस्टिकवर पातळी महिन्याभरात किंचित वर सरकली होती. तेल वाढतंय याचा आनंद मानू नका, नाकाशी धरून पाहा. पेट्रोलचा वास होता.

गंमत म्हणजे त्या दिवसांत मी तेलाच्या प्रेशरच्या गेजवर (तोही मीच लावलेला) खूश होतो. कूलर लावल्यापासून प्रेशर वाढलंय, असं मित्राला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, अरे, गार तेल घट्ट असतं, म्हणून काटा वर. काटा वर म्हणजे तेल सगळीकडे पोचतंय असं नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आता न्यायाची गोष्ट. मधे एक ट्रॅक डे झाला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस. आदल्या वर्षी कूलरशिवाय गेलो होतो तेव्हा वीस मिनिटांच्या सत्रात चौथ्या लॅपलाच चेंबरमध्ये १३८ दिसले आणि मी गपगुमान पिटमध्ये आलो. या वेळी चेंबरमध्ये १२१ झाले आणि तिथेच थांबले. सहाव्या लॅपला १२१, आठव्यालाही १२१. संपूर्ण सत्र गेजकडे न बघता चालवलं. संध्याकाळी परतताना मी किट विकणाऱ्याला मनातल्या मनात सगळं माफ केलं होतं. सलग पूर्ण भार, कमी गिअर, इंजिनाच्या मिनिटाला सात हजार फेऱ्या, हे ज्यांचं महिन्या-दोन महिन्यांनी आहे त्यांनी कूलर लावावा, आणि हवेवरचाच लावावा. तिथे माझी तक्रार नाही.

पण मी वर्षातून एकदा जातो. फार तर दोनदा. उरलेले दिवस पुठ्ठा.

आणखी दोन गोष्टी, ज्या किटच्या डब्यावर लिहीत नाहीत. तेल बदलताना कूलर आणि होजमधलं जुनं तेल आतच राहतं, अर्धा लिटरच्या पुढेच. नव्या महागड्या तेलात ते मिसळतं. आणि उद्या बेअरिंग गेलंच, तर चुरा कूलरच्या पातळ नळ्यांत अडकतो, धुऊन भरवसा ठेवता येत नाही. इंजिनाबरोबर कूलरही नवा.

परवा सगळं काढलं. कंपनीचा तो छोटा मूळ कूलर कपाटात सापडला, नव्या ओ-रिंगसह परत बसवला, पाण्याचे दोन्ही पाइप जोडले. गॅरेजवाल्याने काढायचे पैसे बसवण्याइतकेच लावले, त्यावरून थोडं वाजलं. तेल ५डब्ल्यू-४० टाकलं, गाडीच्या पुस्तकात तो ग्रेड चालतो असं लिहिलेलं आहे म्हणून. काल सकाळी बाहेर ११ अंश, कामावर पोचताना गेजवर ८६. गेज मात्र ठेवलाय. सेन्सर ड्रेन प्लगमध्ये आहे, हे या वेळी स्वतः खाली झोपून पाहिलं.

किट विकायला काढलंय, अजून कोणी विचारलं नाही. तोवर कूलर बाल्कनीत वर्तमानपत्रावर उभा करून ठेवलाय. चार वेळा उलटा करून निथळवला, तरी रोज सकाळी कागदावर रुपयाएवढा डाग असतोच.