सोकोत्रा कोळ्यांची सामूहिक पेटी: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

समोरून सरकणाऱ्या दोन तावदानांची ही ॲक्रिलिकची पेटी मी मोनोसेंट्रोपस बाल्फोरी या टॅरँटुलाची (मोठ्या, केसाळ कोळ्याची), अंड्यांच्या एकाच पिशवीतून निघालेली पिल्ले एकत्र वाढवण्यासाठी घेतली. लांबी-रुंदी आणि झरोक्यांची माहिती बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे ती पुन्हा देत नाही. लिहिण्याचे कारण एवढेच की दार वाकले आणि विक्रेत्याने ते बदलून देण्यास नकार दिला.

ॲक्रिलिक ओलावा शोषते. पेटीतली एक बाजू दमट आणि बाहेरची हवा कोरडी असली की तावदानाची आतली बाजू किंचित प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते आणि तावदानाला बाक येतो. ही जात यमनच्या सोकोत्रा बेटावरची, कोरड्या प्रदेशातली आहे, त्यामुळे मी बहुतेक माती कोरडीच ठेवतो आणि फक्त पाण्याच्या वाटीजवळचा खालचा थर ओलसर ठेवतो. एवढ्यानेही त्याच कोपऱ्याकडचे तावदान वाकले, आणि दोन्ही तावदाने जिथे एकमेकांवर येतात तिथे जाड पुठ्ठा सहज सरकेल अशी फट पडली.

ही फट क्षुल्लक वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोळ्याचे पोट मऊ असते आणि दबते. कठीण असतो तो शिरोवक्षाचा, म्हणजे डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाचा, वरचा कवचासारखा भाग, आणि तो जिथून पार होतो तिथून अख्खा कोळी पार होतो. एकट्या कोळ्याच्या पेटीत रहिवासी दिसेनासा झाला तर निदान शंका तरी येते. सामूहिक पेटीत तीही सोय नाही. सगळे जण कॉर्कच्या सालीमागच्या दाट जाळ्यात आणि मातीतल्या बोगद्यांत असतात, एका वेळी दोन-तीनच नजरेस पडतात, आणि त्यातला एक निसटला तर कित्येक आठवडे पत्ताही लागणार नाही. शिवाय हा आफ्रिका-आशियातल्या कोळ्यांच्या गटातला असल्यामुळे त्याच्याकडे अंगावर झटकायचे खाजरे केस नाहीत. चपळाई आणि अतिशय वेदनादायक दंश हेच त्याचे संरक्षण आहे. दमट भाग ठेवण्याजोगी म्हणून पेटी विकायची आणि दमटपणामुळे आलेला बाक हमीत बसत नाही असे कळवायचे, हे मला अजिबात पटलेले नाही.

सुरुवातीला माझा राग समोरच्या दारावरच होता आणि वरून उघडणारी पेटीच घ्यायला हवी, असे माझे ठाम मत झाले होते. ते आता बदलले आहे. या कोळ्यांनी जाळे मागच्या बाजूने थेट छतापर्यंत नेले, त्यामुळे वरचे झाकण उघडणे म्हणजे दर वेळी त्यांचे छप्परच फाडणे झाले असते. समोरची वाटीलगतची पट्टी मात्र बरीचशी मोकळी राहिली, आणि तिथून पाणी भरणे व उष्टी शिकार उचलणे त्यांना फारसे न बिथरवता जमते. दोष दाराच्या जागेत नाही, ते ज्याचे केले आहे त्यात आहे. मी त्याच खाचेत बसतील अशी काचेची तावदाने कापून घेतली. काच ओलावा शोषत नाही, आणि तेव्हापासून फट पुन्हा पडलेली नाही.

पेटीतल्या जीवांबद्दल मात्र माझी एकही तक्रार नाही. झुरळ टाकले की जवळचा कोळी झडप घालतो, थोड्या वेळाने दुसरा येतो, पुढच्या पायांनी पहिल्याच्या पायांवर हलके थापटतो आणि त्याच शिकारीला दुसऱ्या टोकाने तोंड लावतो. पहिला तिला ओढून नेत नाही. एकदा तावदानालगतच्या बोगद्यात एक जण कात टाकण्यासाठी उताणा पडला होता. त्याच वाटेने येणारा भावंडांतला एक थांबला, पायाने त्याला चाचपून मागे वळला. कात टाकताना कोळी पूर्णपणे असहाय असतो, आणि बहुतेक जातींत अशा वेळी शेजाऱ्याने त्याला खाऊन टाकले असते.

म्हणूनच ही पेटी मिळाली म्हणून कोणतेही टॅरँटुला एकत्र सोडू नयेत. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1897 मध्ये वर्णन केलेल्या या जातीत आई पिल्लांना बराच काळ आपल्या बिळात राहू देते आणि पिल्लेही एकमेकांना सोसतात. बहुतेक टॅरँटुला मात्र एकटेच राहतात. या जातीतही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले, लहान-मोठे कोळी एकत्र करणे मला धोक्याचे वाटते. फार मोठी पेटीही मी घेणार नाही, कारण त्यांनी एकाच जाळ्यात राहावे हाच तर सगळा हेतू आहे.

बोगद्याबाहेर ढकललेल्या काती मी जपून काढतो. मोठ्या कातीच्या पोटाच्या आतल्या अस्तरात मादीची शुक्रग्राहिका (नराचे शुक्राणू साठवणारी पिशवी) दिसते, त्यामुळे नर-मादी ओळखता येतात. नर वयात आले की भटकू लागतील आणि त्यांना वेगळे काढावे लागेल. त्यांच्यासाठी पेट्या घ्यायच्या आहेत, त्या काचेच्याच दाराच्या असतील आणि या विक्रेत्याकडच्या नसतील.