आरएक्सच्या इंजिनासाठी ‘जपानी किट’ मागवताय? आधी हे वाचा

क्रँकची (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याची) दोन बेअरिंग २,४८० रुपये, सांधा बुजवायच्या सीलंटची ट्यूब १,३५०, बेअरिंग ओढून काढायच्या पुलरचा सेट ५,६००, क्रँककेस (इंजिनाचं दोन भागांचं खालचं कवच) उघडायचा स्प्लिटर २,२०० आणि कुरिअर २२०. ‘जपानी किट’ म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याला एकूण ११,८५० रुपये यूपीआयनं भरले. यातला स्प्लिटर तेवढा कामाचा निघाला, बाकी सगळा माल बनावट. तोच माणूस आता पेजचं नाव बदलून, तेच फोटो टाकून तेच किट विकतोय, म्हणून हे लिहायला बसलोय.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल, शॉकअप उंच करून, नॉबी टायर टाकून माळावर पळवायला केलेली. ही गाडी १९९६ मध्येच बंद झाली, त्यामुळे चांगला स्पेअर मिळवणं किती जिकिरीचं असतं हे ज्याच्या दारात आरएक्स उभी आहे त्यालाच ठाऊक. सोलापुरात पिस्टन मिळतो, क्लच प्लेटा मिळतात. पण मागून बंद असलेल्या घरातलं, म्हणजे केसमधल्या खाचेतलं, बेअरिंग ओढायचा पुलर आणि पेट्रोल सोसणारा क्रँककेसचा सीलंट मागितला की काउंटरवरून उत्तर येतं, “साधा आरटीव्ही लावा की ओ, काय होत नाही.” (आरटीव्ही म्हणजे सिलिकॉनचा सीलंट.) होतं ना! आरएक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. क्रँककेसच्या दोन्ही भागांच्या सांध्यात कागदी गॅस्केट नसतं, असतो तो फक्त सीलंटचा पातळ थर. तो पेट्रोलनं फुगला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्या सांध्याशी बहुतेक ऑइलच असतं, तिथं चांगल्या दर्जाचा सिलिकॉन चालून जातो. इथं नाही.

आणि हेच सगळं त्या विक्रेत्यानं मला स्वतः सांगितलं होतं, माझा राग त्यावर जास्त आहे. “दादा, क्रँकला सी३ क्लिअरन्सचंच बेअरिंग घ्या, इंजिन गरम झाल्यावर साधं आवळतं.” सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट; शंभर टक्के खरी गोष्ट. “सिलिकॉन लावू नका, सेमी-ड्राय लावा.” सेमी-ड्राय म्हणजे पेट्रोल सोसणारा, पूर्ण न सुकणारा सीलंट. तेही खरं. ज्याला एवढं कळतं तो खोटा माल देईल असं कुणाच्या मनात येणार? जीएसटीचं बिलही पाठवलं. कॅश ऑन डिलिव्हरी मागितली तर म्हणाला, इम्पोर्टेड माल सीओडीवर जात नाही. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. तुम्ही पैसे भरण्याआधी तपासा. मी नंतर तपासला, तो दुसऱ्याच राज्यातल्या कापडाच्या फर्मचा होता.

पार्सल आलं आणि पहिल्याच बेअरिंगला पुलरचं नख तुटलं. क्रँककेस रीतसर शेगडीवर तापवली होती, स्लाइड हॅमरचे (पुलरच्या दांड्यावर सरकणाऱ्या हातोडीचे) दोनच हलके ठोके दिले होते. तुटलेल्या नखानं बेअरिंगच्या घराची कड उडवली. फोन केला तर उलट आम्हालाच म्हणाला, “तुम्ही जास्त आवळला असणार.” खरं तर केस शंभर अंशांच्या आसपास तापवून उलटी धरली की बरीचशी बेअरिंग आपोआप खाली पडतात. पुलर लागतो तो फक्त बंद घरातल्यांना, आणि तिथंच हलकं पोलाद दगा देतं.

पण खरा क्षण तो नव्हता. खरा क्षण सीलंटची ट्यूब उघडली तेव्हाचा. टोपी काढली, आतला पत्रा टोचला आणि नाकात व्हिनेगरचा वास गेला. आंबट, झणझणीत. बाथरूमच्या फरशीच्या कडेला मारतात त्या सिलिकॉनचा वास. सेमी-ड्राय सीलंटला थिनरसारखा वास येतो. भाऊ म्हणालासुद्धा, “दादा, ह्याला व्हिनेगरचा वास येतोय.” त्याच वेळी हात थांबायला हवा होता. पण ट्यूब सीलबंद, वर जपानी अक्षरं, केस साफ करून वाळत ठेवलेली, आणि तो माणूस तर सिलिकॉन लावू नका म्हणून बजावणारा! ट्यूबच्या दाबलेल्या टोकावर ना बॅच नंबर, ना तारीख, ना आयात करणाऱ्याचं नाव, ना एमआरपी. पाकिटबंद मालावर तारीख, आयात करणाऱ्याचं नाव आणि एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे आज सांगतोय, पण त्या संध्याकाळी ट्यूबचं टोक कोण बघतो?

इंजिन सुरू झालं. काही दिवस पळालंही. मग एक लक्षण दिसायला लागलं: अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लगेच खाली यायचे नाहीत. आम्हाला वाटलं कार्ब्युरेटर. तुमच्या गाडीला असं झालं तर तिथंच चावी फिरवा, पुढं एक मीटरही नेऊ नका. आमची माळावर चौथ्या गिअरमध्ये जाम झाली. भाऊ पडला, कोपर फुटलं, नशिबानं तेवढ्यावर निभावलं. केस उघडली तर सीलंट फुगून रबराच्या पट्टीसारखा अख्खा सोलून हातात आला.

बेअरिंग घेऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अण्णांकडे गेलो. त्यांचा जन्म पॉवरलूमची बेअरिंग बसवण्यात गेला. त्यांनी चिंधीवर पेट्रोल घेऊन कडेवरचं नाव पुसलं आणि नाव चिंधीवर आलं. खऱ्या बेअरिंगवरचा शिक्का कोरलेला असतो, असा पुसला जात नाही. डब्यावर सी३, कड्यावर सी३ कुठंच नाही. एसकेएफचं बेअरिंग घेत असाल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, बसवण्याआधी फोटो पाठवून विचारा. केसमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्या, आतल्या कड्यावर ठोकलं तर अस्सल बेअरिंगही वाया जातं.

दुरुस्तीचे ५,९१० रुपये वेगळे: पिस्टन किट २,१५०, सिलिंडरचं बोअरिंग ६००, केसचं आरगॉन वेल्डिंग १,४००, खरी बेअरिंग १,७६०. म्हणजे सगळे मिळून १७,७६०.

आता पोलिसांचं. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, “माल मिळाला ना?” मिळाला, पण खोटा. “मग ही दिवाणी बाब आहे.” भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे हे मी त्यांना सांगायचं का? दुसरे साहेब म्हणाले, बनावट मालाची तक्रार कंपनीनं करायची असते. तिसऱ्यांनी बेअरिंग हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, “फिरतंय की!” अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. बाकावर तासन्‌तास बसवलं, मग साहेब राउंडला गेले. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. कुरिअरवाला पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला तयार नाही, म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी पत्ता आणा. ग्राहक तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही, हे सगळं मला माहीत आहे. पण नोटीस जाणार कुठल्या पत्त्यावर? बिलावरच्या पत्त्यावर तसलं दुकानच नाही. पैसे गेलेल्या माणसालाच प्रत्येक टेबलावर आरोपीसारखं उभं करतात, आणि तो मात्र रोज नवा फोटो टाकतोय.

पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. केस बंद केल्यावर सगळी तोंडं बंद करून पाच-सहा पीएसआय दाबानं हवा भरा आणि ती काही मिनिटं टिकते का बघा, बीपीच्या यंत्राचा फुगासुद्धा चालतो.

तसला पुलर किंवा ती आंबट वासाची ट्यूब कुणाकडे आली असेल तर फेकू नका. खोका, कुरिअरचं लेबल, यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. पैसे एकाच खात्यात गेलेले चार-पाच जण निघालो तर मी एकत्र अर्ज घेऊन थेट आयुक्तालयात जाणार आहे, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही.