निरोप लीचा की खेळाडूचा?
टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’ या व्हिडिओ गेममध्ये (2012) लहानग्या क्लेमेंटाइनला शोधताना झोंबीचा चावा बसलेला नायक ली अखेरीस हातकडीने रेडिएटरला जखडलेला असतो, आणि त्या लहानगीने आपल्याला गोळी घालावी की तसेच सोडून जावे, हे त्याच्या तोंडून खेळाडूने सांगायचे असते, ली वाचणार नाही हे ठाऊक असूनही तिचा रडवेला आवाज ऐकताना बटण दाबवत नाही. ‘नीअर: ऑटोमाटा’ (2017) हा गेम मात्र त्याग थेट खेळाडूकडेच मागतो: शेवटी पडद्यावरच्या श्रेयनामावलीतील नावांवर गोळ्या झाडत झुंजताना अनोळखी खेळाडू मदतीला येतात आणि मग विचारणा होते, की अशाच कुणासाठी तुम्ही आपला सगळा सेव्ह डेटा (गेममधली जतन केलेली प्रगती) पुसून टाकाल का? होकार दिला की मेनूतील नोंदी डोळ्यांदेखत पुसल्या जातात. कल्पना म्हणून हीच सरस (नकार देणाऱ्यालाही दोष देता येत नाही). गलबलून येते ते मात्र लीपाशीच.