घरच्या पीसीचा बॅकअप: फाइल हिस्ट्री, वीम की सरळ क्लाउड?

मागच्या महिन्यात वहिनीनं फोन केला, भाऊजी बॅकअपसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू, एकच सांगा, दहा नका सांगू. तिच्या पीसीवर तीनशेक जीबी माल आहे, पोरीचे बारशापासूनचे फोटो, तीन दुकानांचं टॅली (ती घरून हिशोब करते), सासऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांचे स्कॅन. मी एक सांगायला बसलो आणि तासभर बोलत राहिलो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो, दुसऱ्या कोणालाही कामात येईल.

माझं आधीच सांगतो, मी बॅकअप किती फास्ट होते हे बघतच नाही. परत कसा मिळते ते बघतो. आणि मी घरी नसताना घरच्या माणसाला मिळते का ते बघतो. कारण एकदा भोगलं आहे. मे महिना, पारा ४५ च्या वर, दुपारी लाइट गेली आली गेली आली असं चालू होतं आणि संध्याकाळी हार्डडिस्क टकटक करायला लागली. मी निवांत होतो, बॅकअप आहे ना. होता पण, फक्त त्या सॉफ्टवेअरनं (नाव नाही घेत) सगळं आपल्याच फॉरमॅटच्या एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवलं होतं आणि ट्रायल संपल्यामुळं रिस्टोअरच्या बटनावर पैसे मागून राहिलं होतं. गाठोडं समोर आणि गाठ सुटत नाही.

म्हणून पहिला नंबर मी विंडोजच्याच फाइल हिस्ट्रीला देतो. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आली, अजूनही आहे, फक्त विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनलमधून शोधावी लागते कारण सेटिंगमध्ये जे बॅकअप लिहिलेलं दिसते ते वनड्राइव्हवालं (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) आहे, तिथं भल्याभल्यांची गफलत होते. बाहेरची हार्डडिस्क लावली, ऑन केलं, की दर तासाला बदललेल्या फाइलची कॉपी तिकडे जाते. मला आवडते ती एकच गोष्ट, कॉपी साध्या फाइलसारखीच राहते, नावापुढं तारीख आणि वेळ लागते बस. म्हणजे पीसी पूर्ण मेला तरी ती डिस्क शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावा आणि फोटोवर डबल क्लिक करा, उघडते. वहिनीला हेच पाहिजे होतं. आता खोट. विंडोज आणि प्रोग्राम ती घेत नाही, म्हणजे नवीन डिस्क टाकली की विंडोज, टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर सगळं पहिल्यापासून. डी ड्राइव्हवर फोल्डर असेल तर ते आधी लायब्ररीत (विंडोजची डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी फोल्डरांची यादी) जोडावं लागते, नाही जोडलं तर ती गुपचूप सोडून देते, विचारत पण नाही. आणि जुन्या कॉपी डिफॉल्टनं कायमच्या ठेवते, डिस्क भरते, म्हणून जागा लागेल तेव्हा जुनं काढ असं सेटिंग करून ठेवा.

वीम एजंटची फ्री आवृत्ती म्हणजे वेगळं प्रकरण आहे. कंपनी मोठ्या ऑफिसांच्या सर्व्हरवाली, पण घरच्या विंडोजसाठी फुकट देते. हे पूर्ण कम्प्युटरचा फोटो काढल्यासारखं करते, विंडोज, प्रोग्राम, सेटिंग सगळं, आणि पहिल्यांदा पूर्ण झालं की नंतर फक्त बदललेला भाग घेते. डिस्क गेली तर नवीन डिस्क टाका, रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा, काल होता तसा परत. पण तो पेनड्राइव्ह आधी बनवून ठेवावा लागते, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. डिस्क लावली की आपोआप बॅकअप सुरू आणि झाला की डिस्क इजेक्ट, असं पण सेट करता येते, हे मला फार कामाचं वाटते, कारण रॅन्समवेअर (फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर चोवीस तास लावून ठेवलेली हार्डडिस्क पण पीसीसोबतच लॉक होते. खोट हीच की फाइल त्याच्याच फॉरमॅटमध्ये, एक फोटो पाहिजे तरी वीम उघडा. माझ्यासाठी ठीक, वहिनीसाठी नाही.

क्लाउडबद्दल लोकांचा एक घोळ असते. गुगल ड्राइव्ह नाहीतर वनड्राइव्हमध्ये फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही भाऊ. पोरानं इकडे डिलीट केलं की तिकडूनही जाते, ट्रॅशमध्ये ३० दिवस, मग रामराम. फुकट जागा पण गुगलची १५ जीबी (त्यातच जीमेल), वनड्राइव्हची ५. खरा बॅकअप म्हणावा असा बॅकब्लेझ आहे, वर्षाला ९९ डॉलर, जागेची लिमिट नाही, पण विंडोज-प्रोग्राम तोही घेत नाही आणि पहिला अपलोड जीव खाते. खरोखरचा १० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर ३०० जीबीला ६६-६७ तास, ते पण लाइट न जाता. तेच यूएसबी ३ च्या डिस्कवर दोन-तीन तासात उरकते.

तरी घराबाहेर एक कॉपी पाहिजेच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. पीसी खाली, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, तर दोन्ही एकाच पाण्यात.

बाकीची बॅकअप सॉफ्टवेअर पटापट. मॅक्रिअम रिफ्लेक्टची फ्री आवृत्ती अजून जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात, तिचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, आता पैसेच. अ‍ॅक्रॉनिस चांगलं पण दरवर्षी पैसे. क्लोनझिला फुकट आणि दणकट, पण काळ्या स्क्रीनवर चुकीची डिस्क निवडली तर चांगला डेटा पुसून बसाल, नवशिक्यानं हात नका लावू. विंडोज ७ च्या नावाचं जुनं बॅकअप अँड रिस्टोअर अजून पडलेलं आहे, त्याच्या सिस्टिम इमेजवर (पूर्ण कम्प्युटरचा फोटो, वीमसारखा) खुद्द मायक्रोसॉफ्टनंच काम थांबवलं, सोडा.

तर वहिनीचं असं ठरलं. बर्डीच्या (नागपूरचं सीताबर्डी) मार्केटमधून एक-एक टीबीच्या दोन डिस्क. पहिलीवर फाइल हिस्ट्री, रात्री काम झालं की काढून कपाटात, कूलरपासून लांब. दुसरीवर महिन्यातून एकदा मी वीम चालवून देईन आणि ती डिस्क तिच्या माहेरी कामठीला राहील, तसंही दर महिन्याला जाणं होतेच. टॅलीमध्ये स्वतःचा बॅकअप ऑप्शन आहे, त्याची फाइल छोटी असते, ती आठवड्याला गुगल ड्राइव्हवर टाकायची, त्याला १५ जीबी खूप झाले.

रविवारी फोनवरून तिला पोरीच्या फोटोची एक डुप्लिकेट बनवायला लावली, तासाभरानं ती डिलीट करायला लावली आणि डिस्कवरून शोधून परत आणायला लावली. आणली, मला न विचारता. फक्त टॅलीचं फोल्डर डी ड्राइव्हवर निघालं, ते लायब्ररीत जोडायचं राहिलं आहे, शनिवारी जातो.